प्रश्न कोणी मांडायचा?
पर्यावरण-रचनेच्या शिक्षणातील एका वादाचा इतिहास

२०१६ पासून देशातल्या अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत ऐकू येऊ लागला. मराठीत आपण त्याला 'रचनाविचार' म्हणू. त्याचा एक तक्ताही ठरलेला असतो. पाच चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण: लोकांची अडचण समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना सुचवा, नमुना तयार करा, तपासून पाहा. विज्ञानाच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे घालण्याची आपल्याला सवय आहेच. तशीच ही आणखी एक पंचपदी, असे वाटणे साहजिक आहे.

परंतु या चौकटींच्या मागे बराच जुना वाद आहे, आणि तो पायऱ्या पाच असाव्यात की सात याबद्दलचा नाही. वाद होता तो वेगळाच: सोडवायचा प्रश्न कोणी मांडायचा? शिक्षकाने, तज्ज्ञाने, विद्यार्थ्याने, की ज्याला तो प्रश्न रोज भोगावा लागतो त्याने? हा वाद विशेष रंगला तो घरे, रस्ते, बागा आणि गावे रचायला शिकवणाऱ्या संस्थांमध्ये. या विषयाला 'पर्यावरण-रचना' म्हणतात. इथे पर्यावरण म्हणजे केवळ जंगल, हवा आणि पाणी नव्हे. माणूस ज्यात राहतो, चालतो, काम करतो तो सगळा घडवलेला परिसर असा अर्थ घ्यायचा. या लेखात आपण प्रामुख्याने अमेरिकेतील एका महाविद्यालयाची गोष्ट पाहणार आहोत. वाटेत गुजरातमधले एक खेडेही लागेल.

कोठडी आणि हातगाडी

एकोणिसाव्या शतकात वास्तुकलेच्या शिक्षणावर पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या संस्थेचा मोठा पगडा होता. अमेरिकेतल्या विद्यापीठांनीही पुढे हीच पद्धत उचलली. ती अशी: स्पर्धेच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात एक लेखी कार्यक्रम पडे, म्हणजे कोणती इमारत हवी आणि तिच्यात काय काय असावे याची यादी. विद्यार्थ्याला एका छोट्या कोठडीत एकट्याने बसवत. कोणाचा सल्ला घ्यायचा नाही. ठरलेल्या तासांत त्याने कल्पनेचे कच्चे रेखाटन करून द्यायचे. पुढचे काही आठवडे किंवा महिने त्याच रेखाटनाचे सुंदर, छायाप्रकाशासह मोठे चित्र करायचे. मूळ कल्पनेपासून हटले तर स्पर्धेतून बाद. मुदत संपली की चित्रे गोळा करायला एक हातगाडी येई. फ्रेंच भाषेत तिला 'शारेत' म्हणतात. काही विद्यार्थी गाडी ओढली जात असतानाही त्यावर चढून शेवटचे हात फिरवत, असे सांगतात. घाईने मुदतीत काम संपवण्याला वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांत आजही शारेत म्हणतात ते यावरूनच.

या पद्धतीतून हात तयार होई, नजर तयार होई, यात शंका नाही. परंतु तिच्यातली तीन गृहीतके लक्षात घेण्याजोगी आहेत. प्रश्न बाहेरून, तयार होऊन येतो. उत्तर एकट्याने शोधायचे असते. आणि एकदा सुचलेले उत्तर बदलायचे नसते. आपल्या परीक्षापद्धतीशी हे वर्णन जुळते आहे असे वाचकांना वाटले, तर नवल नाही.

जर्मनीतले दोन प्रयोग

पहिला मोठा धक्का दिला तो १९१९ मध्ये वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांनी सुरू केलेल्या 'बाउहाउस' शाळेने. इथे विद्यार्थी आधी सहा महिन्यांचा पायाभूत अभ्यासक्रम करी. कागद, लाकूड, पत्रा, काच हाताळून प्रत्येक पदार्थ काय करू देतो आणि काय करू देत नाही, हे त्याने स्वतः शोधायचे. त्यानंतर कार्यशाळेत प्रत्यक्ष वस्तू बनवायच्या. नाझी राजवटीच्या दबावाखाली ही शाळा १९३३ मध्ये बंद पडली आणि तिचे शिक्षक जगभर पांगले. ग्रोपियस स्वतः १९३७ मध्ये हार्वर्डला गेले.

युद्धानंतर १९५३ मध्ये उल्म या गावी दुसरी शाळा उभी राहिली. नाझींना विरोध केल्याबद्दल ज्यांना १९४३ मध्ये देहदंड झाला, त्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांच्या स्मरणार्थ त्यांची बहीण इंगे शोल हिने ती उभारली. ओटल आयशर आणि माक्स बिल हे तिचे सहकारी. कलाकाराच्या प्रतिभेवर विसंबण्याऐवजी गणित, समाजशास्त्र, शरीराच्या मोजमापांचे शास्त्र हे सारे रचनेच्या मदतीला घ्यावे, असा उल्मचा आग्रह होता. १९५८ पासून तिथे रचनापद्धती शिकवणारे हॉर्स्ट रिटेल हे गणित आणि भौतिकी शिकलेले गृहस्थ होते. त्यांचे नाव पुन्हा येणार आहे.

तरीही एक गोष्ट फारशी बदलली नव्हती. पदार्थ हातात आला, शास्त्र मदतीला आले. परंतु प्रश्न काय आहे हे ठरवण्याचा अधिकार अजून शाळेच्या आतच होता.

बर्कलीत भिंती पडल्या

आता आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. १९३९ मध्ये सान फ्रान्सिस्को परिसरातल्या काही तरुण वास्तुरचनाकारांनी, नगररचनाकारांनी आणि उद्यानरचनाकारांनी 'टेलेसिस' नावाचा गट स्थापला. घर एकाने काढायचे, रस्ता दुसऱ्याने, झाडे तिसऱ्याने, आणि तिघांनी एकमेकांशी बोलायचे नाही, या व्यवस्थेला ते कंटाळले होते. राहणाऱ्या माणसाला घर, रस्ता आणि झाड वेगवेगळे भेटत नाहीत, हा त्यांचा साधा मुद्दा होता.

या विचाराला वीस वर्षांनी संस्थेचे रूप मिळाले. वास्तुरचनाकार विल्यम वुर्स्टर, गृहनिर्माणाच्या अभ्यासक कॅथरीन बाउर वुर्स्टर आणि नगररचनेचे प्राध्यापक, टेलेसिसमधलेच जॅक केंट यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात १९५९ मध्ये पर्यावरण-रचना महाविद्यालय सुरू झाले. वास्तुकला, नगररचना आणि उद्यानरचना हे विभाग प्रथमच एका छताखाली आले. कॅथरीन बाउर यांनी १९३४ मध्येच युरोपातल्या कामगारवस्त्यांचा अभ्यास करून आधुनिक गृहनिर्माणावर एक गाजलेले पुस्तक लिहिले होते. घर हा चित्राचा विषय नसून भाडे, जमिनीची किंमत आणि कायदा यांचाही विषय आहे, हे त्यांचे म्हणणे आता अभ्यासक्रमात आले.

१९६३ मध्ये या महाविद्यालयात दोन नवे शिक्षक आले. एक उल्मचे हॉर्स्ट रिटेल. दुसरे क्रिस्टोफर अलेक्झांडर, वय अवघे सत्तावीस, केंब्रिजला गणित आणि वास्तुकला शिकलेले आणि नुकतीच हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले.

एका खेड्याच्या १४१ गरजा

अलेक्झांडर यांचा प्रबंध १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात सविस्तर सोडवून दाखवलेले उदाहरण होते एका भारतीय खेड्याचे. त्याआधी ते काही काळ गुजरातमधल्या बावरा या गावी राहिले होते. तिथे त्यांनी एक लहानशी शाळाही बांधली. पुस्तकातले खेडे सुमारे सहाशे वस्तीचे आहे. त्याचा नवा आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करायची?

त्यांनी गावाच्या गरजा लिहून काढल्या. एकूण १४१. काही गरजा गावकरी स्वतः बोलून दाखवत. काही देशाच्या विकासाच्या धोरणातून येत. आणि काही अशा, की त्या आधीच भागत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नव्हत्या. मग प्रत्येक दोन गरजा घेऊन त्यांनी विचारले: एक भागवताना दुसरीला मदत होते का, की आडकाठी येते? इथे आपल्या विद्यार्थ्यांना एक छान गणित घालता येईल. १४१ गोष्टींच्या जोड्या किती? १४१ गुणिले १४०, भागिले २, म्हणजे ९,८७०. इतके संबंध डोक्यात ठेवणे अशक्य. म्हणून त्यांनी संगणकाची मदत घेतली. एकमेकींत घट्ट गुंतलेल्या गरजा एका गटात याव्यात आणि दोन गटांमध्ये कमीत कमी धागे राहावेत, अशी विभागणी गणिताने केली. निष्पन्न झाले चार मोठे गट: गुरे, बैलगाड्या आणि इंधन यांचा एक, शेती, पाणीपुरवठा आणि वाटप यांचा दुसरा, गावाच्या सामूहिक जीवनाचा तिसरा, आणि घरातल्या खाजगी जीवनाचा चौथा. त्यांचे पुढे बारा उपगट. प्रत्येक उपगटासाठी एक छोटी आकृती काढायची, आकृत्या जोडत जायचे, आणि शेवटी गावाचा आराखडा मिळवायचा.

यातले नवेपण आपण नीट पाहू. 'घर', 'रस्ता', 'विहीर' ही तयार नावे घेऊन सुरुवात केली, तर उत्तर आधीच ठरून जाते. गुरे आणि इंधन एका गटात येतात, कारण शेणाची गोवरी होते. हे नावांच्या यादीतून कधी दिसले नसते. प्रश्नाची फोड प्रश्नाच्याच अंतर्गत संबंधांवरून करायची, ही कल्पना विलक्षण होती. रचनेच्या शिक्षणात ती वाऱ्यासारखी पसरली.

आता यादीची दुसरी बाजू. तिच्यातली अगदी पहिली नोंद आहे ती हरिजनांना विटाळाचे, अस्पृश्य मानले जाते ही. घराचे दार दक्षिणेकडे नसावे, काही पाणी आणि काही झाडे पवित्र मानली जातात, याही नोंदी तिच्यात आहेत. अलेक्झांडर अस्पृश्यतेचे समर्थन करत नव्हते. गावात जे आहे ते त्यांनी लिहिले. परंतु पद्धतीच्या दृष्टीने ही नोंद आणि पिण्याच्या पाण्याची नोंद यांत फरक नाही. दोन्ही 'गरजा'. यंत्र दोघींनाही सारखाच मान देते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे महाडची आठवण होईल. तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर अडचण संपली होती. प्रत्यक्षात दलितांना तिथे पाणी घेता येत नव्हते, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह ते पाणी प्राशन केले तेव्हा मोठी खळबळ माजली. त्या काळात कोणी महाडच्या गरजांची यादी करायला आले असते, तर ती कोणाला विचारून केली असती? काठावर रोज येणाऱ्यांना विचारले असते तर तळ्याची रचना उत्तम, तक्रार शून्य. यादी कितीही लांब असली आणि संगणक कितीही वेगवान असला, तरी कोणाला विचारायचे राहून गेले हे यादी आपण होऊन सांगत नाही.

झाड की जाळे?

अलेक्झांडर यांचे मोठेपण असे, की आपल्या पद्धतीतली खोट त्यांनीच पुढे दाखवली. १९६५ मध्ये त्यांनी 'शहर म्हणजे झाड नव्हे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला. झाडाच्या खोडाला फांद्या, फांदीला डहाळ्या फुटतात; एका डहाळीचे पान दुसऱ्या फांदीवर असत नाही. नगररचनाकार शहराची अशीच वाटणी करतात. परंतु जिवंत शहर तसे नसते. बर्कलीतल्या एका चौकाचे उदाहरण त्यांनी दिले. कोपऱ्यावर औषधाचे दुकान, त्याच्या दाराशी वर्तमानपत्रांची मांडणी, आणि समोर वाहतुकीचा दिवा. दिवा तांबडा असला की थांबलेली माणसे वर्तमानपत्रांचे मथळे वाचतात, काही जण विकतही घेतात. दिवा, पदपथ आणि वर्तमानपत्रे मिळून एक जिवंत घटक झाला. नगररचनाकाराच्या नकाशात मात्र ती तीन वेगळ्या खात्यांची मालमत्ता. आपल्याकडे एसटीचा थांबा, त्यामागचा वडाचा पार आणि चहाची टपरी यांचे नाते असेच असते. रस्तारुंदीत पार गेला की थांब्यावर छप्पर असूनही माणसे उन्हात का उभी राहतात, हे खात्याला उमजत नाही.

१९७१ मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट सांगितले, की रचना न करता नुसत्या रचनापद्धतींचा अभ्यास करणे हे व्यर्थ आहे. पुढे ओरेगन विद्यापीठाच्या आवाराच्या नियोजनात त्यांनी इमारती वापरणाऱ्यांनाच आराखड्यात सामील करून घेतले. १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात खिडकीजवळच्या बैठकीपासून शहरापर्यंत २५३ नमुने आहेत. सामान्य माणसाने ते वापरून आपले घर आपण रचावे, असा उद्देश.

बेरकी प्रश्न

याच इमारतीत रिटेल दुसऱ्या दिशेने त्याच जागी पोहोचत होते. १९७३ मध्ये त्यांनी आणि नगररचनेचे प्राध्यापक मेल्विन वेबर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मते प्रश्न दोन जातींचे असतात. गणितातले समीकरण, रसायनाचे पृथक्करण, बुद्धिबळातला डाव हे सरळ प्रश्न. ते मोठे कठीण असतील, पण सुटले की सुटले हे कळते. दुसऱ्या जातीला त्यांनी 'विकेड' म्हटले. कोशात त्याचा अर्थ दुष्ट असा मिळेल. पण आम्हाला 'बेरकी' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पकडायला जावे तर हातातून निसटणारे, सरळ दिसता दिसता वाकडे वळणारे असे हे प्रश्न.

त्यांची दहा लक्षणे निबंधात दिली आहेत. ती सर्व सांगण्याऐवजी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेत दिवाळीनंतर वर्ग ओस पडू लागतात, कारण आईबाप ऊसतोडीला जातात आणि मुलांना बरोबर नेतात. हा प्रश्न कसा मांडायचा? 'मुले गैरहजर राहतात' असे मांडले, तर उत्तर हजेरीची मोहीम. 'मुलांना गावात सांभाळायला कोणी नाही' असे मांडले, तर उत्तर वसतिगृह. 'शाळा मुलांबरोबर जात नाही' असे मांडले, तर उत्तर साखरशाळा. 'कोरडवाहू शेतीत पोट भरत नाही' असे मांडले, तर उत्तर पाणी आणि रोजगार. म्हणजे प्रश्नाची मांडणी आणि उत्तर ही दोन वेगळी पावले नाहीतच. मांडणीतच उत्तर दडलेले असते. शिवाय हा प्रश्न अमुक दिवशी सुटला असे म्हणता येत नाही. उत्तर बरोबर किंवा चूक नसते, बरे किंवा वाईट असते, आणि तेही कोणासाठी हे सांगावे लागते. आणि प्रत्येक प्रयत्न खरा असतो. वसतिगृहात गेलेले मुलाचे वर्ष परत आणून प्रयोग पुन्हा करता येत नाही.

रिटेल यांचा निष्कर्ष शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बेरकी प्रश्नापुढे सगळेच थोडे जाणकार आणि सगळेच थोडे अजाण असतात. पदवीमुळे कोणाचे अज्ञान कमी होत नाही. फक्त ते वेगळ्या ठिकाणी असते. म्हणून रचना हे तज्ज्ञाने दिलेले उत्तर नसून अनेकांनी मिळून केलेला वाद असायला हवा. हा वाद भरकटू नये म्हणून त्यांनी एक साधी नोंदपद्धतीही सुचवली. मुद्दा काय, त्यावर कोणाकोणाच्या भूमिका कोणत्या, आणि प्रत्येक भूमिकेच्या बाजूचे व विरुद्धचे युक्तिवाद कोणते, हे सर्वांना दिसेल असे लिहायचे. यासाठी फळा आणि खडू पुरेसे आहेत.

परत जाऊन विचारणे

या विचारांनी बर्कलीतले शिक्षण कसे बदलले, याची दोन उदाहरणे पाहू. जवळच्या रिचमंड शहरात १९५४ मध्ये ईस्टर हिल नावाची कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची वसाहत बांधली गेली होती. तिच्या रचनाकारांपैकी व्हर्नन डिमार्स हे बर्कलीतच प्राध्यापक होते. वास्तुकलेच्या वर्तुळात वसाहतीचे कौतुक झाले होते. क्लेअर कूपर या संशोधिकेने साधी गोष्ट केली: तिथे राहणाऱ्यांच्या घरी जाऊन विचारले. रचनाकारांच्या काही अपेक्षा खऱ्या ठरल्या, काही नाहीत. १९७५ मध्ये याचे पुस्तक झाले. इमारत उभी राहिली की काम संपले असे न मानता राहणाऱ्यांकडे परत जाणे, हा पुढे अभ्यासाचा नेहमीचा भाग झाला.

दुसरे उदाहरण शाळेचेच आहे. उद्यानरचना शिकवणारे रॉबिन मूर यांनी १९७० नंतरच्या दशकात बर्कलीतल्या वॉशिंग्टन प्राथमिक शाळेचे आवार हाती घेतले. आवार म्हणजे दीड एकरभर डांबर. मुले, शिक्षक, पालक आणि शेजारी यांच्याशी बोलून डांबराचा काही भाग उखडला गेला. तिथे डबकी, ओहोळ, झाडी आली. कीटक, पाने, पाणी हे अभ्यासाचे साहित्य झाले. मुलांनी ते वापरताना काय केले याच्या नोंदी मूर वर्षानुवर्षे ठेवत राहिले. पर्यावरण हा विषय आणि पर्यावरणाची रचना हे दोन्ही इथे एकाच आवारात शिकले गेले.

ठोकळ्यांचा प्रयोग

मग रचनाविचार ही काही जणांना जन्मतः मिळालेली देणगी आहे का? इंग्लंडमधल्या ब्रायन लॉसन यांनी १९७० च्या दशकात यावर एक सुरेख प्रयोग केला. लाल-निळ्या बाजू असलेले लाकडी ठोकळे ठरावीक चौकटीत असे मांडायचे, की बाहेरच्या भिंतीवर सांगितलेला रंग जास्तीत जास्त दिसावा. शिवाय काही ठोकळे एकत्र असलेच पाहिजेत असा एक नियम होता, पण तो सांगितलेला नव्हता. मांडणी केली की ती चालते की नाही एवढेच कळे. विज्ञानाच्या वरिष्ठ विद्यार्थ्यांनी आधी वेगवेगळ्या मांडण्या करून लपलेला नियम शोधण्याचा प्रयत्न केला. वास्तुकलेच्या वरिष्ठ विद्यार्थ्यांनी सरळ चांगली वाटणारी मांडणी केली. ती फेटाळली गेली तर त्याहून थोडी वेगळी. एक गट प्रश्नातून उत्तराकडे जात होता, दुसरा उत्तरे करून पाहत प्रश्न समजून घेत होता. हाच प्रयोग नवख्या विद्यार्थ्यांवर केला तेव्हा असा ठळक फरक दिसला नाही. विचारांची ही वळणे शिक्षणाने पडतात, असा याचा अर्थ.

'डिझाइन थिंकिंग' या नावाचे पीटर रो यांचे पुस्तक १९८७ मध्ये आले आणि १९९२ मध्ये रिचर्ड ब्युकॅनन यांनी एका निबंधात रिटेलचे बेरकी प्रश्न आणि रचनाविचार यांची जोडी जमवली. त्यानंतर उद्योगजगताने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रचनाशाळेने तो सुटसुटीत पायऱ्यांत बांधला. पायऱ्या सोप्या झाल्या, म्हणून तो जगभर गेला. पण पायऱ्यांच्या मागचा वाद मागेच राहिला.

आपल्याकडची वाट

भारताला ही सारी चर्चा परकी नव्हती. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा विचार केला होता. तो कमरेवर, डोक्यावर कसा पेलतो, ओतताना कसा वागतो, किती उष्णता सहन करतो, मोडीत किती किमतीला जातो, असे कितीतरी प्रश्न त्यात आहेत. कोणा एकट्याने लोटा रचलेला नाही, पिढ्यांनी तो घडवला, असे त्यांचे म्हणणे. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. १९६२ मध्ये त्याच शहरात बाळकृष्ण दोशींनी वास्तुकलेची शाळा सुरू केली. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक रचना केंद्र स्थापन झाले. ते घडवणाऱ्यांत सुधाकर नाडकर्णी होते; मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेनंतर ते उल्मला शिकलेले. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्या अशा वस्तू रचण्याचे उपक्रम आखून पाहिले, त्यांत मराठी माध्यमाची मुलेही होती.

तरीही शाळेच्या रोजच्या व्यवहारात प्रश्न बहुधा वरूनच येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षण सर्व स्तरांवर असावे असा आदेश दिला, तो योग्यच होता. परंतु प्रकल्पाचे विषय छापून आले, की तयार प्रकल्पवह्याही दुकानात येतात. मुलगा 'माझ्या परिसरातील जलप्रदूषण' उतरवून काढतो आणि शाळेच्या टाकीजवळचा चिखल ओलांडून घरी जातो.

वर्गात काय करता येईल?

आमची सूचना एवढीच, की रचनाविचाराचा तक्ता लावण्यापूर्वी एक प्रश्न मुलांनाच मांडू द्यावा. विषय शाळेच्या आवारातला असावा: मधल्या सुट्टीतली नळावरची गर्दी, मुली स्वच्छतागृह वापरायचे का टाळतात, पावसाळ्यात कुठल्या वर्गात पाणी येते. पहिल्या आठवड्यात उपाय सुचवायला बंदी ठेवा. नळावर येणाऱ्यांना विचारा. आणि त्याहून महत्त्वाचे, नळावर न येणाऱ्यांना विचारा. शिपाईमामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, पहिलीतली बुटकी मुले यांना प्रश्न कसा दिसतो ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. 'तोट्या कमी आहेत', 'तोट्या उंच आहेत', 'सर्वांची सुट्टी एकाच वेळी होते' आणि 'मोठी मुले ढकलतात' या चार मांडण्यांमधून चार वेगळी उत्तरे निघतात हे मुलांना दिसू द्या. मग पुठ्ठ्याचा, विटांचा नमुना करा, वापरून पाहा, आणि महिन्याने त्याच माणसांकडे परत जा.

या उपक्रमाला गुण कसे द्यायचे, ही अडचण खरी आहे. बोझारची चित्रे तपासणे सोपे होते. मुलांनी प्रश्नाची मांडणी किती वेळा बदलली, आणि प्रत्येक वेळी कोणाचे ऐकून बदलली, याची नोंदवही ठेवली तर तपासायला काहीतरी हाती लागेल, असे आम्हाला वाटते. ज्या शिक्षकांनी असे काही करून पाहिले असेल किंवा यापुढे करतील, त्यांनी आपले अनुभव, फसलेल्या प्रयत्नांसह, अवश्य लिहून पाठवावेत.